नवं बेअरिंग टाकण्याआधी: जिनिंग, राइस मिल आणि तेल गिरणीतला पंप सांभाळण्याची वाट

दसरा झाला की हिंगणघाट, वणी, अकोट भागातली जिनिंगं सुरू होतात. तिकडे गोंदिया-भंडाऱ्यात धान येऊ लागतं आणि राइस मिलचे बॉयलर पेटतात. याच दिवसांत पंपहाउसची किल्ली एखाद्या नव्या फिटरच्या हाती येते. सोबत पान्यांचा संच, ग्रीस गन आणि "बेअरिंग वाजलं की बदल" एवढीच सूचना. हा लेख त्या फिटरसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. सेंट्रिफ्यूगल पंपाचं बेअरिंग किंवा सील स्वतःच्या दोषानं क्वचितच जातं. सक्शनमध्ये (पाणी आत घेणाऱ्या बाजूला) हवा शिरते, डिलिव्हरीचा (पाणी बाहेर नेणाऱ्या बाजूचा) व्हॉल्व्ह अर्धा दाबून ठेवलेला असतो, फाउंडेशन हललेलं असतं किंवा तीन फेजचं व्होल्टेज सारखं नसतं, आणि त्याचा मार बेअरिंग खातं. बिल फुगवणारी कारणंही बहुतेक हीच. त्यामुळे पंप टिकवणं आणि वीज वाचवणं ही दोन वेगळी कामं धरू नका.

पहिलं काम: मोजून घ्या

साहित्य फार लागत नाही: क्लॅम्पमीटर, दोन प्रेशर गेज, एक व्हॅक्यूम गेज, फीलर गेज, चुंबकी स्टँडसह डायल गेज, मेजर टेप आणि मोबाइलमधलं घड्याळ. पंपाच्या पाटीवरचे हेड (पंपाचा दाब, पाण्याच्या मीटर उंचीत), डिस्चार्ज (तासाला जाणारं पाणी), आरपीएम आणि मोटारीच्या पाटीवरचे किलोवॅट, अँपिअर वहीत उतरवा. पाटी रंगाखाली गेली असेल तर रॉकेलच्या बोळ्यानं पुसा, पॉलिश पेपरनं घासू नका.

एक प्रेशर गेज पंपाच्या फ्लँजजवळ, व्हॉल्व्हच्या अलीकडे बसवा आणि दुसरं व्हॉल्व्हच्या पलीकडे. बहुतेक ठिकाणी गेज फक्त पलीकडे असतं, म्हणून व्हॉल्व्ह किती दाब खातोय हे कुणाला कळतच नाही. गेजवरचा एक किलो म्हणजे साधारण दहा मीटर हेड.

डिस्चार्जसाठी फ्लोमीटर नसला तरी अडत नाही. ज्या टाकीतून पाणी उचलता तिची आवक बंद करा आणि पातळी किती उतरते ते बघा. टाकी ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आहे आणि ३ मिनिटांत पाणी २५ सेंटिमीटर उतरलं, तर ३ घनमीटर गेलं. म्हणजे तासाला ६० घनमीटर.

आता हिशोब. अलीकडच्या गेजवर ४.२ किलो, म्हणजे ४२ मीटर. सक्शनच्या गेजवर ३ मीटरची ओढ. एकूण हेड ४५ मीटर. (दोन्ही गेज एका उंचीवर नसतील तर तो फरक मिळवा.) पाण्याला प्रत्यक्ष मिळालेली शक्ती काढण्यासाठी डिस्चार्जला हेडनं गुणा आणि ३६७ नं भागा: ६० × ४५ ÷ ३६७ = ७.४ किलोवॅट. मोटार ओढते ती वीज: १.७३ × ४०० व्होल्ट × २२.५ अँपिअर × ०.८४ पॉवर फॅक्टर, म्हणजे साधारण १३.१ किलोवॅट. पंप आणि मोटार मिळून कार्यक्षमता झाली ५६ टक्के. इथे एक फसगत होते. कॅपॅसिटर मोटारीच्या टर्मिनलवर जोडलेला असेल तर त्याआधीच्या वायरवर अँपिअर कमी दिसतात, आणि ०.८४ धरलेला पॉवर फॅक्टर खोटा ठरतो. अशा वेळी क्लॅम्प कॅपॅसिटरच्या पुढे, मोटारीकडे जाणाऱ्या वायरला लावा.

व्हॉल्व्ह किती खातो

वरच्याच उदाहरणात पलीकडच्या गेजवर २.७ किलो दिसतंय असं समजा. म्हणजे ४५ मधले १५ मीटर, एक तृतीयांश, नुसते व्हॉल्व्हमध्ये जळले. १३.१ किलोवॅटपैकी जवळपास ४.४. हंगाम १५० दिवसांचा आणि पंप रोज २० तास चालला तर १३,००० च्या वर युनिट झाली. दर आठ रुपये धरला तरी लाख रुपये ओलांडतात, आणि हा फक्त एका पंपाचा हिशोब.

हे का होतं? पंप घेताना कुणीतरी "थोडा मोठाच घेऊ" म्हणतं. मग पाणी जास्त येतं, मोटार ओव्हरलोड होते, म्हणून व्हॉल्व्ह दाबला जातो आणि कायम तसाच राहतो. दाबलेल्या व्हॉल्व्हमुळे पंप त्याच्या उत्तम बिंदूपासून, म्हणजे जिथे कार्यक्षमता सर्वात जास्त असते तिथपासून, दूर चालतो. त्या बिंदूच्या डिस्चार्जपेक्षा फार कमी पाणी जात असलं की इम्पेलरवर (पाणी फेकणाऱ्या फिरत्या चाकावर) एका बाजूनं ढकल येते, शाफ्ट किंचित वाकत फिरतो, आणि बेअरिंगचं व ग्लँडचं (शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या भागाचं) आयुष्य संपतं. उत्तम बिंदूच्या ७० ते १२० टक्क्यांच्या पट्ट्यात पंप सुखात असतो.

उपाय तीन आहेत, आणि तिन्ही सगळीकडे चालत नाहीत.

जादा हेड वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत असेल तर इम्पेलरचा बाहेरचा व्यास लेथवर कमी करा. हेड व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतं. व्यास १० टक्के घटला तर हेड साधारण १९ टक्के घटतं. हिशोबात निघेल त्याच्या तीन-चतुर्थांशच आधी कापा, चालवून बघा, मग उरलेलं काढा. कापलेलं परत चिकटत नाही. नंतर इम्पेलर बॅलन्स करून घ्या. मूळ व्यासाच्या १५ टक्क्यांपुढे जाऊ नका, कारण इम्पेलर आणि केसिंगमधली जागा वाढून कार्यक्षमताच पडते.

आपल्या उदाहरणात ४५ वरून ३० मीटरवर यायचं आहे. एवढी कपात इम्पेलरला झेपणार नाही. तिथे योग्य हेडचा दुसरा पंप घेणंच स्वस्त पडतं. नव्या पंपासोबत मोटार आयएस १२६१५ नुसार आयई-३ या जास्त कार्यक्षमतेच्या वर्गाची घ्या.

तिसरा उपाय व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण. पाण्याची गरज दिवसभर कमी-जास्त होत असेल तरच तो कामाचा. वेग १० टक्के कमी केला की शक्ती २७ टक्के घटते असं विक्रेता सांगतो, आणि निव्वळ घर्षणाच्या लाइनवर ते खरंच आहे. पण २५ मीटर उंच टाकीत पाणी चढवायचं असेल तर ती उंची वेग कमी केल्यानं कमी होत नाही. वेग फार उतरवला तर पंप नुसता गरगरतो, पाणी चढतच नाही. शिवाय जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये व्हीएफडीच्या पंख्यावर आठवड्यात कापसाच्या तुसाची गादी बसते. पॅनल वेगळ्या खोलीत ठेवता येत नसेल तर व्हीएफडीचा विचार सोडा.

आणि आग विझवण्याच्या हायड्रंट पंपाला हे काहीही लागू नाही. विजेच्या नावाखाली त्याचा इम्पेलर कापू नका, वेगही उतरवू नका.

सक्शन: निम्म्याहून जास्त रोग इथे

पंप पाणी "खेचत" नाही. तो आत पोकळी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आहे, तिथे हवेची ही ताकद साधारण १० मीटर पाण्याएवढी. त्यातून सक्शनची उंची वजा करा, पाइपातलं घर्षण वजा करा आणि पाण्याचा वाफ होण्याचा दाब वजा करा. उरलेलं हेड पंपाच्या कॅटलॉगमध्ये एनपीएसएच म्हणून दिलेल्या गरजेपेक्षा निदान अर्धा ते एक मीटर जास्त हवं.

गार पाण्याला वाफेचा दाब नगण्य असतो, ३० अंशाला अर्ध्या मीटरच्या आत. पण उसन्या तांदळासाठी धान भिजवायचं पाणी ६५ ते ७० अंशांचं असतं, आणि ७० अंशाला हाच आकडा सव्वातीन मीटर होतो. सक्शन ३ मीटर आणि घर्षण अर्धा मीटर धरलं तर गार पाण्याला सहा मीटर उरतात, गरम पाण्याला साडेतीनही नाहीत. म्हणून जो पंप विहिरीवर वर्षानुवर्षं मुकाट चालला तो सोकिंग टाकीवर लावताच वाळूगिट्टी भरल्यासारखा आवाज करू लागतो. हा आवाज म्हणजे कॅव्हिटेशन: वाफेचे बुडबुडे इम्पेलरवर फुटतात आणि लोखंड मधमाशीच्या पोळ्यासारखं कुरतडतात. गरम पाण्याचा पंप टाकीच्या तळापेक्षा खाली बसवा, म्हणजे पाणी वजनानं आत येईल.

सक्शनची जोडणी तपासताना एवढं बघा:

- पाइप पंपाच्या तोंडापेक्षा एक साइज मोठा हवा. तासाला ६० घनमीटर पाणी चार इंची पाइपातून २.१ मीटर प्रति सेकंद वेगानं जातं, पाच इंचीतून १.४ नं. सक्शनला दीडच्या खाली राहा. चारऐवजी पाच इंची केल्यावर त्याच पाण्याचं घर्षण एक तृतीयांशावर येतं.
- मोठ्या पाइपातून पंपाच्या तोंडावर येताना एका बाजूनं सपाट असलेला रिड्यूसर लावा, आणि सपाट बाजू वर. दोन्हीकडून निमुळता लावला की वरच्या कोपऱ्यात हवा साठते.
- आडवा पाइप पंपाकडे किंचित चढता असावा. मध्ये कुबड आलं की तिथे हवा अडते.
- पंपाच्या तोंडालाच बेंड नको. पाइपाच्या व्यासाच्या पाचपट तरी सरळ तुकडा ठेवा.
- फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपल्याकडे सर्रास फुटबॉल म्हणतात, तळापासून हातभर वर आणि पाण्यात पुरेसा बुडालेला हवा. पाण्यावर भोवरा दिसला की हवा आत चालली आहे. उन्हाळ्यात पातळी उतरल्यावर हे पुन्हा बघा.
- जाळीच्या छिद्रांचं एकूण क्षेत्र पाइपाच्या क्षेत्राच्या तीन-चारपट असावं. जिनिंगजवळच्या उघड्या टाकीत तूस पडतंच. हंगामात जाळी दर आठवड्याला काढून धुवा.

हवा शिरते की कॅव्हिटेशन आहे, हे ओळखायला व्हॅक्यूम गेज बघा. काटा थरथरतो आणि डिलिव्हरीला पाणी पिचकाऱ्या मारत येतं, तर हवा. काटा नेहमीपेक्षा जास्त ओढ दाखवून स्थिर राहतो आणि गिट्टीचा आवाज येतो, तर जाळी तुंबली आहे किंवा पाइप लहान आहे. हवेची गळती शोधायला चालू पंपाच्या सक्शन जॉइंटवर साबणाचा दाट फेस लावा. गळक्या जागी तो आत ओढला जातो. काही जण अगरबत्तीचा धूर वापरतात. कापसाच्या ढिगाजवळ किंवा हेक्झेन असलेल्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये तो विचारही मनात आणू नका.

फाउंडेशन आणि अलाइनमेंट: काळ्या मातीचा खेळ

वऱ्हाडातली काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर फूटभर कॉंक्रीट ओतून बसवलेला पंप वर्षातून दोनदा जागा सोडतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या, आणि कॉंक्रीटचं वजन पंप-मोटारीच्या निदान तिप्पट ठेवा. बेसफ्रेमखाली ग्राउट नीट भरलंय का ते हातोडीनं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर भोक पाडून पुन्हा भरा.

आता क्रम. मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, "काम चालू" ची पाटी लावा. मोटारीचा एकेक पायाचा बोल्ट सैल करत डायल बघा. पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला तर त्याखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला. शिम पितळी किंवा स्टीलचाच हवा, एका पायाखाली तीन-चारच्या वर नको. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून घातलेला शिम महिन्यात दबतो.

मग पाइपांचे फ्लँज सोडून बघा. बोल्ट हातानं सरकायला हवेत. पहारीनं ओढून जुळवलेला पाइप पंपाला कायम एका बाजूला खेचत राहतो, मग अलाइनमेंट कितीही करा. पाइपाला स्वतःचा आधार द्या, पंपाच्या मानेवर वजन नको.

शेवटी कपलिंग. स्ट्रेटएजनं अंदाज घ्या, पण अंतिम माप डायलनं. १५०० आरपीएमच्या पंपाला ०.०५ मिमी उत्तम, ०.१ ही मर्यादा. गरम पाण्याचा पंप तापून पसरतो, तो तासभर चालवून पुन्हा तपासा. कपलिंगखाली काळी रबरी पूड पडलेली दिसली की अलाइनमेंट बिघडली हे डायल न लावताही कळतं. काळ्या मातीत मृगाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, असं वर्षातून दोनदा हे काम धरूनच चाला.

सुरू करताना

शाफ्ट हातानं फिरवा, अडखळायला नको. केसिंग पाण्यानं भरा, वरच्या कॉकमधून बुडबुडे थांबेपर्यंत. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून स्टार्ट करा, कारण अशा पंपाला शून्य डिस्चार्जला सर्वात कमी शक्ती लागते. दाब चढला की व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. मिनिटाच्या वर बंद ठेवू नका, आतलं पाणी तापतं.

गावाकडच्या लाइनवर एक खास घोटाळा होतो. डीपीवर काम झालं आणि दोन फेज अदलाबदल होऊन आले की मोटार उलटी फिरते. उलटा फिरणारा पंपही पाणी देतो, पण थोडं आणि कमी दाबानं, त्यामुळे माणूस फुटबॉल उपसून बघत बसतो. लाइट दुरुस्त होऊन आली की आधी फिरण्याची दिशा बघा. फेज सीक्वेन्स (फेजचा क्रम) आणि सिंगल फेजिंग (एक फेज जाणं) दोन्ही ओळखणारा रिले बसवला तर ही कटकटच मिटते.

ग्लँड

ग्लँडमधून एक थेंबही येऊ नये असं मालकाला वाटतं. तुम्ही ऐकू नका. मिनिटाला ४० ते ६० थेंब पडायलाच हवेत. तेच पाणी दोरी (ग्लँडमधलं पॅकिंग) आणि स्लीव्ह (शाफ्टवरची नळी) गार ठेवतं. कोरडी घट्ट ग्लँड स्लीव्ह जाळते आणि मोटारीवर ब्रेकसारखा भार टाकते.

दोरीचं माप: स्टफिंग बॉक्सच्या आतल्या व्यासातून स्लीव्हचा बाहेरचा व्यास वजा करून निम्मं करा. ७० मधून ५० गेले, निम्मे १० मिमी. जुन्या कड्या सगळ्या काढा. वरच्या दोन काढून नव्या घालणं म्हणजे काम न करणं. स्लीव्हवर नख अडकेल अशी खाच असेल तर आधी स्लीव्ह बदला. कड्या तिरक्या कापा, प्रत्येकीचा सांधा आधीच्यापासून पाव फेरा सरकवा, आणि लँटर्न रिंग (दोरीच्या कड्यांमधली भोकांची कडी) सीलिंगच्या पाण्याच्या भोकासमोर येते का ते बघा. सुरुवातीला पाणी धारेनं येऊ द्या. मग दर दहा मिनिटांनी दोन्ही नट सारखे, एकेक पैलू आवळा.

मेकॅनिकल सील असेल तर पंप काही सेकंदही कोरडा चालवू नका. सीलच्या घासणाऱ्या तोंडाला बोट लावू नका.

बेअरिंगला ग्रीस किती

ग्रीस कमी पडून जेवढी बेअरिंगं जातात तेवढीच जास्त भरून जातात. सूत्र सोपं आहे: बेअरिंगचा बाहेरचा व्यास × रुंदी × ०.००५ = ग्रॅम. ६३०९ नंबरच्या बेअरिंगचा व्यास १०० मिमी, रुंदी २५. म्हणजे साडेबारा ग्रॅम. तुमची गन एका दाबात किती देते हे माहीत करून घ्या: दहा दाब कागदावर काढा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर तोला. धूळ आणि उष्णता आहे तिथे दीड-दोन हजार तासांनी ग्रीस द्या, निपल आधी पुसून. लिथियमच्या ग्रीसमध्ये दुसऱ्या जातीचं मिसळू नका, पातळ होऊन वाहून जातं. हात चटकला म्हणजे बेअरिंग गेलं असं नाही. हात साठ अंशालाच उचलला जातो. ८० अंशांच्या पुढे मात्र कारण शोधा.

पाणी कमी झालं, पण आवाज नाही

ही वेअर रिंग (इम्पेलरभोवतीची कडी) झिजल्याची खूण. इम्पेलर आणि रिंगमधली फट नवी असताना व्यासावर ०.३-०.४ मिमी असते. ती दुप्पट झाली की दाबलेलं पाणी परत सक्शनकडे पळतं आणि तेच पाणी आपण पुन्हा पुन्हा उचलत राहतो. तपासणी: डिलिव्हरी व्हॉल्व्ह क्षणभर पूर्ण बंद करून दाब वाचा आणि पंप नवा असतानाच्या आकड्याशी ताडा. म्हणूनच तो आकडा पहिल्या दिवशीच लिहून ठेवायचा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बिडाचा इम्पेलर लवकर खातो. तिथे ब्राँझ किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्या.

वीज आणि ऊन

तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजा. ४१०, ४०२, ३८८ आलं तर सरासरी ४००, सर्वात मोठा फरक १२, म्हणजे ३ टक्के असमतोल. एवढ्यानं मोटारीची तापवाढ सुमारे १८ टक्क्यांनी चढते, आणि करंटचा असमतोल व्होल्टेजच्या सहा ते दहापट दिसतो. तो करंट बघून लोक मोटार रिवाइंड करायला टाकतात. आधी सैल लग आणि स्टार्टरचे जळके कॉन्टॅक्ट बघा, सिंगल फेजचा भार तीन फेजवर सारखा वाटा. असमतोल ५ टक्क्यांवर गेला तर मोटार चालवूच नका.

मोटारीची पाटी ४० अंशांच्या हवेसाठी असते. नवतप्यात टिनाखाली ५० अंश झाले की तीच मोटार सुमारे आठ टक्के कमी भार झेलते. छपराजवळ हवा निघायला जागा करा, मोटारीच्या मागच्या पंख्याची जाळी रोज झाडा.

हंगाम संपल्यावर

जिनिंगचा पंप पोळ्यापर्यंत पडून राहतो, आणि सर्वात जास्त नुकसान या शांत महिन्यांत होतं. केसिंगमधलं पाणी तळाच्या प्लगमधून काढा. ग्लँडची दोरी काढून टाका. ओली दोरी स्लीव्हला गंज चढवते. दर आठवड्याला शाफ्ट सव्वा फेरा फिरवा, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी बसून खळगे पाडणार नाहीत. खडूनं कपलिंगवर खूण करून तारीख लिहिली की विसर पडत नाही.

दसऱ्याआधी मोटार मेगरनं (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरनं) तपासा. एक मेगाओमपेक्षा कमी आलं तर स्विच दाबू नका. मोटारीचं तोंड उघडून शेजारी दोनशे वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर लावून ठेवा, वरून ताडपत्री टाका पण बल्बला टेकू देऊ नका, आणि सकाळी पुन्हा मोजा.